तानपुरा हलता कामा नये

घरी टर्नटेबल आणलं आणि मनासारखं वाजलं नाही की मंडळी एका निवृत्त टूलरूमवाल्या काकांना बोलावतात. आल्यावर ते ॲम्प्लिफायर पाहतील, स्पीकरची चौकशी करतील अशी घरच्यांची अपेक्षा असते. ते मात्र ज्या टेबलावर यंत्र ठेवलंय त्याच्या कडेला तळहात लावून ते हलकेच ढकलून बघतात. मग खिशातली छोटी पाणसळ काढून प्लॅटरवर ठेवतात, आधी उभी, मग आडवी. बुडबुडा मधे आला नाही तर पायांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सारतात. पुढची चर्चा त्यानंतर.

पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. डाय, फिक्स्चर, डायल गेज आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून होणारे वाद. रेकॉर्ड्सचा नाद त्याच काळात लागला. घरी एचएमव्हीचा पेटीवजा फिएस्टा होता. त्यानंतर पुण्याच्या जुन्या बाजारातून आणि मुंबईच्या चोरबाजारातून मोडकी यंत्रं येत गेली. नोकरीतला हात आणि नादातला कान एकत्र आले तेव्हा ओळखीचे लोक आपापली टर्नटेबलं दाखवू लागले, आणि निवृत्तीनंतर तर तोच दिवसाचा उद्योग झाला. पैसे ते घेत नाहीत. रेकॉर्ड ऐकायला मिळावी एवढीच अट.

विचारणाऱ्यांचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. ‘काका, एवढा खर्च केला, तरी मोबाइलवरून लावलेलं गाणंच जास्त स्वच्छ वाटतं. असं का?’

आकड्यांच्या बाबतीत ते कुणाला अंधारात ठेवत नाहीत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर त्यात सुमारे ९६ डेसिबल मिळतं. एलपीवर, छपाई उत्तम असली तरी, ते ६०-७०च्या घरात राहतं. डावा आणि उजवा चॅनेल सीडीवर ९० डेसिबलपेक्षाही जास्त वेगळे राहतात. एलपीच्या सुईला धरणाऱ्या कार्ट्रिजमध्ये २५-३० मिळाले तर आनंद मानायचा. कागदावरची ही लढाई तबकडीने केव्हाच हरलेली आहे आणि कितीही महाग यंत्र आणलं तरी ती जिंकता येणार नाही, हे ते पहिल्याच भेटीत सांगतात. पण शहरातल्या घरात पंखा आणि रहदारी मिळून ३५-४० डेसिबलचा तळ सहज असतो. त्यावर ६० डेसिबल नीट वाजले तर गाण्याला जागा पुष्कळ आहे. घरोघरी जे कमी पडतं ते एलपीच्या मर्यादेमुळे क्वचितच. सुई, बैठक, वेग आणि धूळ यांच्याकडे झालेलं दुर्लक्ष तिथे ऐकू येत असतं, आणि ते जवळजवळ सगळं दुरुस्त होण्यासारखं असतं.

दुरुस्ती झाली की नाही हे ओळखायला त्यांच्याकडे एकच कसोटी आहे. तानपुरा.

रॉक किंवा सिनेमाच्या गाण्यात वेग थोडा डगमगला तरी तालवाद्यांच्या गर्दीत तो झाकून जातो. ख्यालाच्या रेकॉर्डवर लपायला जागाच नाही. किशोरी आमोणकर, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व यांच्या एलपी लावाव्यात आणि गायकाकडे लक्ष न देता मागचा षड्ज धरून बसावं. एक टक्का वेग वाढला की स्वर सुमारे १७ सेंट, म्हणजे अर्धस्वराचे १७ शतांश, चढतो. प्रमाणश्रुतीचं अंतर २१-२२ सेंटचं. म्हणजे दीड टक्क्याच्या आतच यंत्राने एका श्रुतीची गडबड केलेली असते. आणि वेग सतत वरखाली होत असेल तर तानपुऱ्याची जवारी पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखी हलते. ज्याच्या कानाला सुरांची थोडी ओळख आहे त्याला हे क्षणात कळतं, फक्त दोष कुठला ते सांगता येत नाही. तो म्हणतो, ‘मजा येत नाही.’

दोष कुठला हे शोधायची रीत त्यांना टूलरूमनेच शिकवली. ३३⅓च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांत पुरा होतो. तानपुरा बरोबर तेवढ्या अंतराने हेलकावत असेल तर यंत्र निर्दोष असण्याची शक्यता मोठी. रेकॉर्डचं मधलं भोक केंद्रावर नाही. हेलकावा त्याहून जलद असेल तर बेल्ट किंवा मोटर. नुसती थरथर असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय.

भोक केंद्रावर नसणं हा प्रकार लोकांना खरा वाटत नाही. एका प्राध्यापकांनी याच कारणाने एकामागून एक टर्नटेबलं बदलली होती. एक आवडती एलपी कशावरही वाजवली तरी गायिकेचा सूर डगमगायचा. यांनी रेकॉर्ड लावली आणि आवाज बंद करून प्राध्यापकांना नुसतं टोनआर्मकडे बघायला सांगितलं. प्रत्येक फेऱ्याला आर्म किंचित आत, किंचित बाहेर झुलत होता. अर्धा मिलिमीटर भोक सरकलेलं असेल, तर लेबलाजवळच्या, सत्तर मिलिमीटर त्रिज्येच्या खोबणीत वेग ०.७ टक्क्याने वर आणि तितकाच खाली होतो. त्यांनी हातरीमरने भोक अगदी थोडं मोठं केलं, रेकॉर्ड स्पिंडलवर सैल बसवली, आर्मचं झुलणं थांबेपर्यंत बोटाच्या टिचकीने ती कणाकणाने सरकवली आणि मध्ये वजन ठेवलं. मग आवाज सुरू केला. प्राध्यापकांनी ती बाजू संपेपर्यंत एक शब्दही काढला नाही. नाकामिची या जपानी कंपनीने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्डचं केंद्र आपोआप शोधणारं टर्नटेबल बनवलं होतं. ते विकत घेणं सोडाच, बघायला मिळणंही दुर्मीळ. रीमर मात्र कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. अर्थात, दुर्मीळ रेकॉर्डला तो लावायच्या आधी ते मालकाला नीट विचारतात.

वेगाबद्दल आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून लोक टर्नटेबलला स्टॅबिलायझर लावतात. बेल्टवर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांची मोटर सिंक्रोनस असते आणि तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते; त्यातून होणारा फरक फार तर ०.२ टक्के, म्हणजे तीन-साडेतीन सेंट. ताणलेला बेल्ट आणि तेल आटलेलं बेअरिंग यांनी होणारं नुकसान याच्या कितीतरी पट.

फ्रिक्वेन्सीची गंमत कळते ती अमेरिकेतून आलेल्या यंत्रांत. एकाचा भाऊ तिकडून परत आला तेव्हा जुनं, उत्तम स्थितीतलं टर्नटेबल सोबत घेऊन आला. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणला, यंत्र फिरलं, पण गाणं रडकं. तिकडची वीज ६० हर्ट्झची. तिच्यासाठी बनवलेली पुली ५० हर्ट्झवर फिरली की वेग सहाव्या हिश्शाने घटतो आणि सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. काळी एकमध्ये गाणारा गवई खालच्या काळी पाचच्याही खाली जाऊन बसला होता. उपाय सोपा होता. त्यांनी पुलीचं माप घेतलं आणि ५० हर्ट्झसाठी सहा भागिले पाच या प्रमाणात मोठी पुली ओळखीच्या लेथवर पितळेतून काढून आणली. अशा पुलीत लंबगोलपणा राहिला तर नवा दोष शिरतो, म्हणून ती डायल गेजवर तपासूनच बसवली.

वेग मोजायला स्ट्रोबची कागदी चकती पुरते. आपल्या विजेवर बल्ब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्यामुळे ३३⅓साठी चकतीवर १८० रेघा लागतात. वेग बरोबर असला की रेघा जागेवर थांबल्यासारख्या दिसतात. हल्लीचे चांगले एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, म्हणून त्यांच्या पिशवीत एक निऑनचा छोटा दिवा कायम असतो.

वेगाइतकंच मोठं काम सुईचं. इथे मात्र त्यांचा स्वर कडक होतो. वडिलांच्या किंवा आजोबांच्या रेकॉर्ड्स जुन्याच प्लेअरवर, जुन्याच सुईने वाजवायचा मोह अनेकांना होतो. त्या पेट्यांमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि ते पाच-सहा ग्रॅमच्या भाराने खोबणीवर टेकतं. आजचं चांगलं मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड ते दोन ग्रॅमवर काम करतं. त्यातून जुन्या पेटीतली सुई नीलमण्याची असली तर ती लवकर झिजते, तिच्या कडा धारदार होतात आणि प्रत्येक फेऱ्याला ती खोबणीच्या भिंती तासत जाते. तासली गेलेली भिंत पुन्हा भरून येत नाही. नाट्यसंगीताच्या एका सुंदर संग्रहाची अशी दशा त्यांनी पाहिली आहे. कव्हरं कोरी, तबकड्या चकचकीत, आणि प्रत्येक तानेत फाटलेला आवाज. त्या घरी त्यांना करता येण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

‘बाजूच्या सुरुवातीला छान वाजतं, शेवटी शेवटी आवाज फाटतो,’ ही तक्रारही नेहमीची. याला भौतिक कारण आहे. एलपी फिरते एकाच वेगाने, पण खोबणीचा घेर आत लहान होत जातो. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तितकंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं, आणि ख्यालाची द्रुत लय, तराणा, झाला हे सगळं नेमकं तिथेच येतं. इथे कार्ट्रिजचा कोन थोडासा जरी चुकला तरी ऐकू येतं.

या कोनाची भूमिती लॉफग्रेनने १९३८ साली आणि बेअरवाल्डने १९४१ साली मांडली. एका खिळीभोवती फिरणारा आर्म संपूर्ण बाजूभर खोबणीला समांतर राहूच शकत नाही. दोन जागीच राहतो. बेअरवाल्डच्या हिशेबाने त्या जागा केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. त्यासाठी कागदावर छापलेला प्रोट्रॅक्टर फुकट मिळतो. छापताना माप शंभर टक्के ठेवायचं आणि नंतर ते स्टीलच्या पट्टीने ताडून बघायचं, एवढंच. हे काम करताना त्यांना बघणं हा एक अनुभव आहे. डोळ्याला घड्याळजीचं भिंग, बाजूला टेबल लॅम्प. सुईचं टोक टिंबावर टेकवतात, कार्ट्रिजच्या कडा रेघांशी जुळतात का ते समोरून बघतात, दोन स्क्रू पाव फेरा ढिले, बोटाच्या नखाने एक सूक्ष्म धक्का, पुन्हा घट्ट. घट्ट करताना ते पुन्हा हलतं. पुन्हा ढिलं. एका जागी जुळलं की दुसऱ्या टिंबावर. घरातल्यांचा चहा होतो, यांचा कप तसाच गार होतो. दोन्ही टिंबांवर जुळलं की भार ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर मोजतात, आर्मची आत जाणारी ओढ तोलणारं अँटी-स्केटिंग लावतात, आणि मग बाजूचा शेवटचा तुकडा वाजवतात. सुरुवातीचा नाही.

भूमिती बसली की सुईचा आकार बदलायला अर्थ येतो. गोल टोकाची सुई आतल्या खोबणीतली बारीक वळणं ओलांडून जाते. लंबगोल सुई त्यांत शिरते, आणि मायक्रोलाइनसारखी अरुंद कडेची सुई आणखी खोल. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत किंवा ऑर्टोफॉनच्या टूएम रेड आणि ब्लूमध्ये शरीर तेच ठेवून फक्त सुई बदलता येते. आधी साधी घ्या, कान तयार झाला की पुढची, असं ते सांगतात. त्यांच्या मते संपूर्ण यंत्रणेत पैशाच्या मानाने इतका फरक दुसरी कुठलीच वस्तू पाडत नाही.

फोनो स्टेजबद्दल लोक फार बोलतात, ते थोडक्यात आटोपतात. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून चार-पाच मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. १९५४ साली ठरलेल्या आरआयएए वक्राप्रमाणे ते फोनो स्टेजने उलटे करून द्यायचे. हे काम बिनचूक करणारे साधे डबे आज परवडतात. घरघर येत असेल तर दहातल्या आठ घरी अर्थची बारीक वायर सुटलेली असते.

बैठकीचं मात्र तसं नाही, ती प्रत्येक घरात वेगळी. पेठेतल्या एका जुन्या वाड्यात लाकडी तक्तपोशीवर कुणी चाललं की सुई उडायची. मालकांनी जड स्टँड आणला, त्याने काही साधलं नाही, कारण स्टँडही त्याच तक्तपोशीवर उभा. यांनी भिंतीत लोखंडी कंस ठोकून घेतले, त्यांवर कडाप्प्याची फळी आणि तिच्याखाली बुचाचे तुकडे. त्या फळीवर ठेवल्यानंतर घरातल्या नातवंडांनी खोलीभर धिंगाणा घातला तरी रेकॉर्ड शांतपणे वाजत राहिली. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फर्निचरवर ठेवू नयेत, हे सांगून सांगून ते थकत नाहीत. स्पीकरचा कंप सुईत शिरतो आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो. तानपुरा अशा वेळी गढूळ होतो.

रेकॉर्ड धुणं हा त्यांचा रविवार सकाळचा कार्यक्रम. डिस्टिल्ड पाणी, फोटो धुण्याच्या कामात वापरतात त्या वेटिंग एजंटचे काही थेंब, मऊ ब्रश, मग स्वच्छ पाण्याचा दुसरा हात आणि शोषून घ्यायला छोटा व्हॅक्यूम. नळाचं पाणी ते वापरत नाहीत. वाळल्यावर क्षार खोबणीत बसतात. मुंबईहून आणि कोकणातून आलेल्या रेकॉर्ड्सवर पावसाळ्याची बुरशी असते, ती एका धुण्यात जात नाही. ७८च्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोलचा स्पर्श होऊ देत नाहीत. लाख त्यात विरघळते. खरखरीला तबकडीचा स्वभाव म्हणणाऱ्यांना ते अर्धी रेकॉर्ड धुऊन दोन्ही अर्ध्यांतला फरक ऐकवतात: एका फेऱ्यात अर्धी खरखर, अर्धी शांतता.

मराठी भावगीतांच्या आणि नाट्यसंगीताच्या बऱ्याच जुन्या रेकॉर्ड्स मोनो आहेत. त्यांत गाणं सगळं आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती नुसती खरखर. ॲम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं की ती बरीचशी आपसांत कटते. हे बटण असलेले जुने ॲम्प्लिफायर लोक मोडीत काढतात याचं त्यांना खरंच वाईट वाटतं.

इतकं सगळं केल्यानंतर तबकडी डिजिटलच्या तोडीला येते का? याचा निकाल त्यांनी स्वतःच्या घरी लावला. आपली उत्तम जमलेली यंत्रणा, एक स्वच्छ धुतलेली एलपी, आणि तिचं त्याच फोनो स्टेजमधून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर केलेलं रेकॉर्डिंग. दोन्हींची पातळी मल्टिमीटरने सारखी केली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. मित्रांना पडद्याआड काय चालू आहे ते न सांगता बदलून बदलून ऐकवलं. त्यांत गाणारे होते, तबलजी होते, ॲनालॉगची शपथ घेणारे होते. तबकडी कुठली आणि तिची डिजिटल प्रत कुठली हे कुणालाही खात्रीने सांगता आलं नाही.

त्या संध्याकाळनंतर त्यांची भाषा बदलली. ज्याला लोक तबकडीची ऊब म्हणतात ती डिजिटलने जशीच्या तशी वाहून नेली होती. म्हणजे ती ऊब माध्यमाच्या जादूत नाही. मूळ ध्वनिमुद्रणात, कापणीत, सुईत आणि फोनो स्टेजमध्ये जे काही आहे, ते ती. आणि डिजिटल प्रत ऐकताना जे हरवल्यासारखं वाटतं तेही बहुतेक वेळा प्रत बनवणाऱ्याच्या हातून हरवलेलं असतं. काही जुन्या ख्यालांच्या डिजिटल आवृत्त्यांत खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारीच पुसून टाकलेली आहे, काहींत पट्टी बदललेली आहे. अशा वेळी त्याच ध्वनिमुद्रणाची सुस्थितीतली एलपी, नीट लावलेल्या यंत्रावर, सरळ सरळ वरचढ ठरते. उलट एकट्या पियानोची लांब रेंगाळणारी सुरावट किंवा मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऐकायचा असेल तर ते स्वतः सीडी लावतात आणि इतरांनाही तेच सांगतात.

अमेरिकेत २०२० साली एलपींच्या विक्रीची रक्कम १९८६ नंतर पहिल्यांदाच सीडीपेक्षा वर गेली. आपल्याकडेही तरुण मुलं रेकॉर्ड्स घेऊ लागली आहेत. त्यांतली एक नोकरदार मुलगी त्यांच्याकडे महाग केबलचा सल्ला विचारायला आली होती. यांनी तिला काटा, कागदी प्रोट्रॅक्टर आणि ब्रश यांची चिठ्ठी लिहून दिली. सगळं मिळून केबलच्या किमतीचा लहानसा भाग. आता ती आपल्या मैत्रिणींची टर्नटेबलं स्वतः लावून देते.

जुन्या रेकॉर्ड्स घरात असणाऱ्यांना त्यांचं सांगणं असं आहे. आडव्या रचून ठेवल्या असतील तर आजच उभ्या करा, उन्हापासून आणि ओलीपासून दूर. वर्षानुवर्षं पडून असलेल्या सुईखाली एकही रेकॉर्ड घालू नका. आधी नवी सुई घ्या, मगच वाजवा. आणि जे ध्वनिमुद्रण सीडीवर किंवा कुठेच आलेलं नाही, त्याची धुतल्यानंतर, नीट लावलेल्या यंत्रावरून, खरखर काढायच्या भानगडीत न पडता एक चांगली डिजिटल प्रत करून ठेवा.